खाण कंपन्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र: आमचे पाणी आपल्या दानधर्मात मोजू नका

प्रति,
गोव्याच्या खाणपट्ट्यात खनिज काढणाऱ्या आणि त्याची वाहतूक करणाऱ्या सर्व कंपन्यांची संचालक मंडळे

महोदय, महोदया,

आमच्या गावाला लागून खाण चालवणाऱ्या कंपनीने यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एक रंगीत पुस्तिका घरोघर वाटली. गावासाठी केलेल्या कामांची यादी तिच्यात आहे. शाळेला बाके दिली, देवळाच्या सभामंडपाला रंग काढला, महिला गटांना शिलाई यंत्रे दिली, आणि या सर्वांच्या वर, पहिल्याच ओळीत, उन्हाळ्यात टँकरने पिण्याचे पाणी पुरवले. शेवटच्या पानावर एक तक्ता असून 'स्थानिक रहिवाशांच्या तक्रारी' या रकान्यापुढे शून्य छापले आहे. हे पत्र त्या पहिल्या ओळीविषयी आणि त्या शून्याविषयी आहे. कंपनीचे नाव मी घेत नाही, कारण ज्या पद्धतीबद्दल मला बोलायचे आहे ती एकट्या त्या कंपनीची नाही, आणि एका कंपनीने एका गावापुरती दुरुस्ती केली म्हणून प्रश्न मिटणाराही नाही.

मी खाणींची विरोधक नाही. आमचे डोंगराच्या पायथ्याशी कुळागर आहे. पोफळी, माड, केळी आणि पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, हे सगळे वरच्या झरीतून येणाऱ्या पाटाच्या पाण्यावर जगते. त्याच घरात कर्ज काढून घेतलेला ट्रकही होता आणि तो खनिजाच्याच वाहतुकीवर चालत असे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा बँकेचे हप्ते थकलेल्या घरांत आमचेही घर होते. पुढे 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 लिजांचे, म्हणजे खाणकामाच्या भाडेपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प झाले, तेव्हा ट्रक विकावा लागला. त्या दोन्ही वेळी नियम कोणी मोडले आणि चुली कोणाच्या विझल्या, हे खाणपट्ट्यात कोणाला वेगळे सांगण्याची गरज नाही. धंदा जोरात असताना धूळ आमच्या वाट्याला येते आणि तो कायद्याच्या कचाट्यात सापडून बंद पडला की बेकारीही आमच्याच वाट्याला येते. म्हणून 2022 च्या अखेरीस लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा मला आनंदच झाला होता. लिलावाने दिलेली लीज 50 वर्षांची असते. एवढ्या मुदतीच्या शेजाऱ्याशी संबंध कोणत्या पायावर असावेत, हे पहिल्याच काही वर्षांत ठरून जाणे बरे.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करते. गोव्यातील लोहखनिज बऱ्याच ठिकाणी भूजलाच्या पातळीच्या खाली आहे. खंदक खोल गेला की त्यात चहूबाजूंनी पाणी झिरपू लागते आणि ते अहोरात्र उपसल्याशिवाय खनिज काढता येत नाही. उपसलेले पाणी ओहोळात सोडले जाते आणि आजूबाजूच्या विहिरी आणि झरी हळूहळू खाली जातात. पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीत चैत्रात घागर घेऊन रांगेत उभे राहावे लागते, ते निसर्ग कोपला म्हणून नव्हे. आमच्या वाड्यावरील विहिरीला पूर्वी मे महिन्यातही दोन पुरुष पाणी असे, असे जुनी माणसे सांगतात. आता होळी झाली की तळाचा कातळ दिसतो. कुळागराच्या पाटाला येणारे पाणी निम्म्यावर आले असून वरच्या टप्प्यातील पोफळी वाळू लागल्या आहेत. वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, शेती तर आमच्या मळ्यात जवळजवळ सुटलीच आहे.

आता टँकर. तो आला की निळी पिंपे रस्त्याच्या कडेला ओळीने लागतात, ज्याच्या घरी माणूस कामावर गेलेला असतो त्याचे पिंप रिकामे राहते, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना पिंपातून घरापर्यंत पाणी नेण्यासाठी शेजारच्या मुलांना हाका माराव्या लागतात. हे पाणी पिण्यापुरते असते. गुरांना, बागायतीला आणि सोवळ्याओवळ्याला ते पुरत नाही. तरीही त्याबद्दल मी कृतघ्न नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की ज्या उपशामुळे विहीर आटली, त्याच उपशाचा नफा मिळवणाऱ्याने त्या विहिरीच्या बदल्यात दिलेले पाणी सामाजिक उपक्रम म्हणून छापू नये. दुसऱ्याच्या गोठ्यातील गाय सोडून न्यावी आणि रोज सकाळी त्यालाच शेरभर दूध घालून दानशूर म्हणवून घ्यावे, त्यातला हा प्रकार आहे.

हे केवळ माझे मत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्याच कायद्याखालील नियम जानेवारी 2021 मध्ये सुधारण्यात आले, तेव्हा त्यांत स्पष्टपणे म्हटले गेले की दुसऱ्या कोणत्याही कायद्याने घातलेले बंधन पाळण्यासाठी केलेला खर्च या सामाजिक खर्चात धरता येणार नाही. पर्यावरण दाखल्याच्या, म्हणजे खाणीला लागणाऱ्या सरकारी पर्यावरण मंजुरीच्या, अटी हे असेच बंधन आहे. रस्त्यावर पाणी मारणे, ट्रकवर ताडपत्री घालणे, आसपासच्या विहिरींची पातळी मोजणे, खाणीमुळे पाणी तुटले तर ते पुरवणे, या अटींचे पालन झाल्याचा हिशेब पर्यावरण खात्याकडे द्यायचा असतो. तो रंगीत पुस्तिकेत दातृत्वाच्या मथळ्याखाली येऊ शकत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून 2011 मध्ये व्यवसाय आणि मानवी हक्क यांविषयीची 31 मार्गदर्शक तत्त्वे संमत केली. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या तत्त्वांचा गाभा साधा आहे: लोकांच्या हक्कांचे रक्षण करणे सरकारचे काम, त्या हक्कांचा आदर राखणे कंपनीचे काम, आणि हक्क डावलला गेला तर दाद मिळण्याची वाट खुली ठेवणे दोघांचेही काम. त्यांतील अकराव्या तत्त्वाच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की कंपनीने अन्यत्र कितीही चांगली कामे केली, तरी स्वतःच्या धंद्यात लोकांच्या हक्कांचा आदर न राखल्याची भरपाई त्यांतून होत नाही. बाके आणि शिलाई यंत्रे यांची बेरीज करून आटलेली विहीर वजा करता येत नाही, हेच ते. आपल्या देशातही कंपनी व्यवहार मंत्रालयाने मार्च 2019 मध्ये जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वे जाहीर केली आणि त्यांतील पाचवे तत्त्व मानवी हक्कांचेच आहे. मानवी हक्क म्हटले की दूरदेशीच्या तुरुंगांची चित्रे डोळ्यांपुढे आणण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. आमच्या वाड्यावर या हक्कांचा अर्थ प्यायला पाणी, श्वासाला हवा आणि केलेल्या कामाचा मोबदला इतका जवळचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचा उपभोग हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, त्यालाही आता तीन दशके उलटून गेली.

दुसरी तक्रार धुळीची आहे, आणि ती मी आकड्यांऐवजी सोलांपासून, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या सालींपासून, सांगते. एप्रिल-मे हा भिरंडांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम. फोडलेल्या भिरंडांच्या साली रस लावून अंगणात पुन्हा पुन्हा वाळवायच्या, तेव्हा कुठे काळीभोर, मऊ सोलां तयार होतात. आमच्या महिला गटाची वर्षाची बरीचशी कमाई या सोलांवर आणि पापडांवर होते. नेमक्या त्याच दिवसांत पावसाच्या आधी माल जेटीवर पोहोचवण्याची घाई असते आणि ट्रकांची रांग सकाळपासून थांबत नाही. ओलसर साल धूळ धरून ठेवते, ती झटकून जात नाही आणि धुतली तर रस जातो. दाताखाली कचकच लागली की व्यापारी भाव पाडतो, आणि त्याचे चुकते असेही नाही. काही बायकांनी आता माडीवर कपड्याखाली सोलां वाळवायला घेतली आहेत. ऊन कमी पडते आणि बुरशी धरते. ज्यांना माडी नाही त्यांनी भिरंडे झाडाखालीच कुजू दिली. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही, कारण पंचनामा शेतीचा होतो, अंगणाचा होत नाही.

हवेतील सूक्ष्म धुळीकणांची, म्हणजे पीएम 10 ची, चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. आमच्याकडे ती पाळली जाते की नाही, हे मोजणारे यंत्र कंपनीच्या कार्यालयाच्या आवारात, रस्त्यापासून आत, झाडांच्या आड आहे. शाळा मात्र रस्त्याला लागून आहे. यंत्र शाळेच्या फाटकाजवळ का नाही, या प्रश्नाला तांत्रिक कारण असू शकेल. ते आम्हाला कोणी तरी सांगावे.

तिसरा मुद्दा गाळाचा. एक टन खनिज काढताना दोन ते तीन टन टाकाऊ माती निघते आणि तिचे डोंगर उभे राहतात. पहिल्या मोठ्या पावसात ही माती ओहोळातून मळ्यात उतरते. शेतकऱ्याला एखाद्या वर्षी नुकसानभरपाई मिळतेही, पण गाळाने घट्ट झालेली जमीन पुढची किती वर्षे पिकत नाही हे त्या रकमेत धरलेले नसते.

चौथा मुद्दा कामाचा, आणि येथे मला ट्रकमालकाच्या घरातील बाई म्हणून बोलण्याचा अधिकार आहे. ताडपत्री फाटकी का, ट्रक भरधाव का, चालक बारा-बारा तास स्टिअरिंगवर का, असे विचारले की कंपनीचा माणूस वाहतूक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो. खेपांवर पैसे मिळत असतील तर चालक वेग वाढवणारच, आणि खेपांचा दर शेवटी कंपनीच्या हिशेबातून ठरतो. वर सांगितलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांतील तेराव्या तत्त्वानुसार कंपनीची जबाबदारी तिच्या स्वतःच्या फाटकापाशी संपत नाही. तिच्यासाठी माल वाहणाऱ्याच्या आणि तिला सेवा पुरवणाऱ्याच्या कामातून जे नुकसान होते, तेही टाळण्याचा प्रयत्न तिने करायचा असतो. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने चुकती करावी, हे तत्त्व तर आपल्याकडे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. खाणीवर कंत्राटी कामाला असलेल्या आमच्या गावातील मुलांची वैद्यकीय तपासणी होते, पण तिचा कागद त्यांच्या हाती कधी येत नाही. छातीच्या फोटोत काय दिसले हे ज्याची छाती आहे त्याला कळू नये, यामागे कोणते व्यापारी गुपित दडले असेल, कोण जाणे.

आता त्या शून्याकडे येते. गावाने तक्रारी केल्या नाहीत असे नाही. विहिरींबद्दलचा अर्ज वाड्यावरील बहुतेक सगळ्या घरांच्या सह्यांनिशी दिला होता. फाटकावरील रखवालदाराने तो घेतला आणि एका जाड वहीत नोंद केली. त्या वहीचे पान मी उभ्या उभ्या पाहिले: आमच्या अर्जाच्या वर क्रिकेट स्पर्धेच्या चषकासाठी आलेले पत्र होते आणि खाली जत्रेतील नाटकासाठी वर्गणीचे. पुढे इंग्रजीत चार ओळींचे उत्तर आले की आपल्या पत्राची नोंद घेतली असून उपलब्ध निधीनुसार विचार केला जाईल. विहीर आटल्याची तक्रार आणि चषकाची मागणी एकाच वहीत, एकाच निधीतून आणि एकाच कृपादृष्टीने पाहिली जाते, तेव्हा वर्षाअखेरी तक्रारींचा आकडा शून्यच येणार. तो खोटा आहे असेही सिद्ध करता येत नाही, कारण तक्रार नोंदवण्याची जागाच ठेवलेली नाही.

यावर मला दोन उत्तरे अपेक्षित आहेत. पहिले असे की आम्ही जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला पैसे भरतो, गावाने तेथे जावे. हे प्रतिष्ठान 2015 च्या दुरुस्तीने खाण कायद्यात आले आणि लिलावाने मिळालेल्या लिजेवर त्यात स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) 10 टक्के भरावे लागतात. ते पैसे भरणे हे कायदेशीर देणे आहे. त्यातून खाणग्रस्त भागात दवाखाना किंवा नळयोजना व्हावी हे योग्यच, पण विशिष्ट खंदकाच्या उपशाने विशिष्ट विहीर आटली तर तिचे उत्तरदायित्व त्या खंदकाच्या मालकाकडून सार्वजनिक निधीकडे सरकवता येत नाही.

दुसरे उत्तर असे की तक्रार असेल तर सरकारी यंत्रणेकडे करावी. त्यांपैकी मानवी हक्क आयोगाचे पाहा: 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार या आयोगाने मुख्यतः सरकारी सेवकाने केलेल्या हक्कभंगाची, किंवा तो रोखण्यात त्याने दाखवलेल्या हलगर्जीपणाची चौकशी करायची असते. खासगी कंपनीला थेट जाब विचारण्यासाठी तो कायदा लिहिलेलाच नाही. शिवाय घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. विहीर एका तारखेला आटत नाही, ती दरवर्षी वीत-दोन वीत खाली जाते, आणि एके दिवशी दोर पुरेनासा होतो तेव्हा वर्ष कोणते धरायचे? न्यायालयाचे दार उघडे आहे आणि गोव्यातील खाणींवर जो काही वचक बसला तो बहुतांशी न्यायालयांमुळेच, हे खरे. मात्र पाण्याच्या पिंपासाठी पणजीला वकील लावणे कोणाला परवडते? आणि रस्त्यावर उतरले तर काय होते तेही आम्ही पाहिले आहे. एप्रिल 2017 मध्ये सत्तरी तालुक्यातील सोनशी गावच्या लोकांनी धूळ आणि पाणी याच दोन कारणांसाठी खनिजाचे ट्रक अडवले, तेव्हा त्यांच्यावर तुरुंगात जाण्याची पाळी आली होती. माणसे ट्रकापुढे बसतात ती फाटकावरच्या वहीने त्यांना दुसरी वाट ठेवलेली नसते म्हणून.

तेव्हा आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

टँकरचे पाणी, रस्त्यावर मारलेले पाणी आणि गाळ उपसण्याचा खर्च सामाजिक कामांच्या यादीतून वगळावा आणि तो नुकसाननिवारण म्हणून वेगळा दाखवावा. हा खर्च निधी उरला तर करायचा नसून विहिरींची पातळी पूर्ववत होईपर्यंत करायचा आहे, हे लेखी मान्य करावे. पाणी पिण्यापुरतेच न देता गुरांसाठी आणि उभ्या बागायतीसाठीही द्यावे.

खाणीच्या प्रभावक्षेत्रातील प्रत्येक विहिरीची पातळी दर महिन्याला घरमालकासमक्ष मोजून ते आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत. पर्यावरण दाखल्याच्या अटींचा सहामाही पालन अहवाल हा तसाही सार्वजनिक दस्तऐवज आहे. त्याची मराठी आणि कोकणी प्रत ग्रामसभेत ठेवावी. पर्यावरण परिणाम अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत आणि शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत, या व्यवस्थेत गावकऱ्याच्या वाट्याला कंपनीने निवडलेला तेवढाच मजकूर येतो. किमान पाणी, हवा आणि टाकाऊ माती यांवरील प्रकरणे तरी पूर्णपणे भाषांतरित व्हावीत.

धूळ मोजण्याचे यंत्र शाळेजवळ आणि वस्तीलगत बसवावे, आकडा रस्त्यावरून दिसेल असा लावावा, आणि मर्यादा ओलांडली त्या दिवशी वाहतूक थांबवावी. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी ट्रक सोडू नयेत. वस्तीबाहेरून खनिज वाहतुकीचा स्वतंत्र रस्ता काढण्याचे आश्वासन आम्ही अनेक वर्षे ऐकत आहोत, ते कोणत्या वर्षी पुरे होणार हे सांगावे. कामगारांच्या, कंत्राटी असोत वा कायम, वैद्यकीय तपासणीचा कागद त्यांच्याच हाती द्यावा.

आणि तक्रारींची वही वेगळी करावी. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, पोचपावती आणि उत्तराची मुदत असावी. ती मराठीत किंवा कोकणीत, तोंडीसुद्धा, देता यावी. आणि निर्णय घेणाऱ्यांत कंपनीच्या पगारावर नसलेली, ग्रामसभेने सुचवलेली माणसे असावीत. तक्रार केली म्हणून कोणाच्या मुलाचे काम जाणार नाही आणि कोणाचा ट्रक रांगेतून वगळला जाणार नाही, याची हमी संचालक मंडळाच्या ठरावाने द्यावी. खाणपट्ट्यात या शेवटच्या वाक्याचे मोल किती आहे, हे आपल्या स्थानिक व्यवस्थापकांना विचारले तर ते सांगतील.

पावसाळा संपल्यावर वाहतूक पुन्हा सुरू होईल. त्याआधी होणाऱ्या ग्रामसभेला आपल्यापैकी निर्णयाचे अधिकार असलेल्या व्यक्तीने यावे आणि या मागण्यांवर एकेक करून उत्तर द्यावे. जी मान्य नसेल ती का मान्य नाही हे सांगावे; आम्ही ऐकून घेऊ. येताना फाटकावरची ती वहीही आणावी.

आपली,
खाणपट्ट्यातील एक बागायतदार

प्रत माहितीसाठी: खाण खाते, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, गोवा राज्य मानवी हक्क आयोग, ग्रामपंचायतीचे सरपंच आणि पंच